चौकातली तिसरी वाट

१

चिमी जेवून आली, खुर्चीत बसली आणि तिने आपली धून लावली. काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावरची रेघ मात्र ऐटीत पुढे सरकत होती. पाहते तर आवाजाची कळ पार तळाला. तिने ती वर सरकवली आणि हेडफोन डोक्याला लावला, तर तो घसरून गळ्यात आला. "आज सगळ्यांनी माझ्याशी वैर धरलंय," असं पुटपुटत तिने त्याची पट्टी आवळली. मग तिने धून पुन्हा पहिल्यापासून लावली.

धून तिचीच होती, पण तिच्यात दुसरंच कुणीतरी शिरलं होतं. पेटीत निजलेली बाहुली जागी होते, हळूच झाकण उचलते, या प्रसंगाचं ते संगीत. झाकण उचलायच्या ऐन नाजूक क्षणी मधूनच टिंग टिंग टिंग टुंग असे सूर येत होते. पुन्हा येत होते. जिथे शांतता हवी तिथे तर हमखास येत होते.

तिने काय केलं, तर चारचौघं करतात तेच. प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा उघडला. त्याआधी सवयीने सगळं साठवूनही टाकलं. त्यामुळे भेसळ पक्की झाली आणि मागे फिरायची सोय गेली. कालची प्रत होती, पण आज सकाळी तिने अर्धी धून नव्याने बांधली होती, आणि तो अर्धाच भाग जिवाचा होता.

चार वाजता बाहुली-नाटकाच्या दिग्दर्शक बाई ऐकायला येणार होत्या. धून आवडली तर वर्षभराच्या नाटकांचं काम मिळणार होतं. पण चिमीला खरी धास्ती कामाची नव्हती, वहिनीची होती. शहरातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाने वहिनीला स्वरलेखनाची नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. हे काम मिळालं तर वहिनी इथेच राहील, असं चिमीने मनाशी धरलं होतं. नाही मिळालं, तर तिला कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं? आणि वहिनी नसेल तर या खोलीत उरतं काय? दोन खुर्च्या आणि एक टेबल.

"आत्या!" चिमीने हाक मारली. "कुणीतरी माझ्या धुनेची वाट लावली गं!"

स्वयंपाकघरातून आत्या आली ती पदराला हात पुसत, आणि खरं सांगायचं तर जरा खुशीतच. चार दिवसांसाठी राहायला आली होती आणि घरात काही म्हणजे काही घडत नव्हतं.

२

आत्या म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त सुपरवायझर. एका दोरीचं टोक इथे, दुसरं तिथे खुपसून तिने गावंच्या गावं एकमेकांशी बोलायला लावली होती. तेव्हापासून कुठेही वायर दिसली की ती कुठून कुठे जाते हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"आधी मला हा सगळा पसारा समजावून सांग," ती खुर्ची ओढत म्हणाली. "आणि सोपं करून सांग. मला येत नाही म्हणून नाही, तू घाबरलीयस म्हणून."

पसारा असा होता. खोलीत संगणक एक, कीबोर्ड एक आणि बायका दोन. कीबोर्ड पियानोसारखा दिसायचा, पण होता मुका. पट्टी दाबली की तो संगणकाला फक्त वर्दी द्यायचा: अमुक सूर, इतक्या जोराने, इतका वेळ. त्याचं करायचं काय, ते पुढच्या प्रोग्रॅमने ठरवायचं. चिमीचा प्रोग्रॅम तो सूर टिपून ठेवायचा आणि वाजवायचा. त्याचं घरातलं नाव टेपवाला. वहिनीचा प्रोग्रॅम तोच सूर स्वरलिपीत उतरवायचा, तो कारकून. पूर्वी या दोघांत जो आधी उघडेल तो कीबोर्ड बळकावून बसायचा आणि दुसरा बहिरा. मग नणंदभावजयींत धुसफूस. शेवटी चिमीने मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला. कीबोर्डची वर्दी आधी त्याच्याकडे यायची आणि तिथून दोन वाटांनी दोघांकडे जायची. त्याचं नाव चौक. तेव्हापासून घरात शांतता होती.

"आणि हा टेपवाला टिपतो केव्हा?"

"नेहमीच. मी तो बंदच करत नाही. धून गोल गोल फिरत राहते आणि जे वाजवीन ते तिच्यात जाऊन बसतं. जेवताना काही सुचलं तर उष्ट्या हाताने धावत यायचं आणि वाजवायचं."

"म्हणजे दार सताड उघडं टाकून जेवायला बसतेस आणि चोर आला म्हणून ओरडतेस," आत्या म्हणाली. "बरं. आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. घरात आणखी कोण होतं?"

तिघंच होती. पुढच्या खोलीत कोकिळ. हा बाहुलीच्या नाटकातला गायक, सकाळपासून तालमीला आलेला. खरं नाव कुणी घेतच नसे. दादा, म्हणजे चिमीचा मोठा भाऊ, चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला होता, या दोघींच्या आधी भराभरा जेवून 'जरा पडतो' म्हणून उठला आणि नंतर दुकानात परत गेला. आणि वहिनी. ती छपाईचा कागद आणायला गेली होती.

"कागद आणला?" आत्याने विचारलं.

चिमीने टेबलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. कागद कुठेच नव्हता. वहिनी मात्र परत आलेली होती.

३

कोकिळवर संशय घ्यायला जागा होती. चिमीने परवाच त्याचा लांबलचक आलाप कापून आखूड केला होता. "बाहुली जागी होतेय, तू तिला पुन्हा झोपवू नकोस," असं वर म्हणालीही होती. तेव्हापासून स्वारी फुरंगटली होती.

"मी?" कोकिळ छातीवर हात ठेवून म्हणाला. "आत्याबाई, माझा राग मी तोंडावर काढतो. चिमीताईंना सकाळीच म्हणालो, तुम्हाला आलाप कळत नाही."

"म्हणाला खरा," चिमी म्हणाली.

"शिवाय मी वाजवलं असतं तर दोन्ही हातांनी वाजवलं असतं. आणि दुसऱ्याचा हेडफोन मी कानाला लावत नाही. माझा माझ्याकडे असतो, पिशवीत, रुमालात गुंडाळलेला."

"काही ऐकलंत का?"

कोकिळने डोळे मिटले. ऐकणं हा त्याचा धंदाच होता. "मागच्या खोलीतून टकटक येत होती. पट्ट्यांचीच असावी, सूर नव्हता. टक, टक, टक, टक. मग थांबायची. मग पुन्हा टक, टक, टक, टक. मला वाटलं, कुणीतरी टाइप करतंय आणि त्याला अक्षर सापडत नाहीये."

"छान ऐकता हो तुम्ही," आत्या म्हणाली, आणि कोकिळचा आलापाचा राग निम्मा उतरला.

मग तिने दादाला दुकानात फोन लावला. काय झालं ते काही सांगितलं नाही. एक्स्चेंजमधला जुना आवाज काढून नुसतं विचारलं, "काय रे, दुपारी नीट झोप झाली का?"

"झाली की. ढाराढूर झोपलो होतो," दादा म्हणाला. "का गं?"

"सहज."

चिमी वैतागली. "त्याला काय विचारतेस? दादाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी तो गायला लागला की आई म्हणायची, खिडकी लाव, शेजारचे धावत येतील."

"म्हणायची खरी," आत्या म्हणाली, आणि पडद्याकडे वळली. "आता मला तो चौक दाखव."

चिमीने चौक उघडला. डावीकडे कीबोर्ड, उजवीकडे प्रोग्रॅम, मध्ये बारीक रेघा. एक रेघ टेपवाल्याकडे जात होती. दुसरी कारकुनाकडे. आत्याने चष्मा वर सारला आणि बोट पडद्यावर टेकवलं.

"माणसं दोन, मग दोऱ्या तीन कशा?"

चिमी बघतच राहिली. खाली, राखाडी रंगात, तिसरी वाट निघत होती. ती तिने कधीही जोडलेली नव्हती.

"ती मी जोडलीय," दारातून आवाज आला. दारात वहिनी उभी होती.

४

चिमीच्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं, आणि चुकीचं जुळलं की माणसाला ते फार पक्कं वाटतं. कागदाचं निमित्त. रिकामे हात. चोरून काढलेली वाट. वाद्यवृंदाची नोकरी.

"कशासाठी जोडलीस?"

वहिनी आत आली आणि टेबलापाशी थांबली.

"कुठं गेली होतीस? कागद कुठाय?"

"कागदासाठी गेले नव्हते मी."

"मग?"

"ते नंतर सांगते." वहिनी एकदम शांतपणे म्हणाली. "वाट मी जोडली. धुनेत जे काही झालं असेल, ते माझ्यामुळे झालं. रागवायचं तर माझ्यावर रागव."

"रागवू? तुला जायचंच होतं तर सरळ सांगायचंस ना!" चिमीचा आवाज चढला. "धून बिघडली, की काम गेलं. काम गेलं, की तू मोकळी. वर माझं वाजवलेलं सगळं तिसऱ्या वाटेनं त्यांच्याकडे जातंय का, तेही सांगून टाक!"

वहिनीचा चेहरा उतरला. ती काही बोलली असती तर चिमीला बरं वाटलं असतं.

चिमीने तिसऱ्या वाटेचं टोक उघडायला हात पुढे केला. आत्याने तो वरच्या वर धरला.

"नाही. लाइन कुठून निघाली ते बघायचं. लाइनवर कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही. सगळी नोकरी मी या नियमावर काढली, आता तुझ्या धुनेपायी मोडणार नाही."

"मग कळणार कसं?"

"डोकं वापरून," आत्या म्हणाली. "सूनबाई, तू बस. चिमे, तूही बस. साप साप म्हणून भुई धोपटणं पुरे झालं. मला ते घुसलेले सूर दाखव, आणि ऐकवू नकोस. दाखव."

चिमीने धून पडद्यावर पसरली. प्रत्येक सूर म्हणजे एक छोटी आडवी पट्टी. जोरात दाबला तर गडद, हळू दाबला तर फिका. आत्या वाकून पाहत राहिली. आणि मग ती हसली. आधी गालातल्या गालात, मग चक्क खांदे हलवून.

"काय झालं?"

"अगं, हा चोर नाहीच," आत्या म्हणाली. "हा विद्यार्थी आहे."

५

"हे फिके सूर बघ. पाचच पट्ट्या, शेजारी शेजारी. सहावीला हात लावायचं धाडस नाही. चार सूर वाजवतो, चौथा चुकतो, थांबतो. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चौथा चुकतो. इथे, शेवटी शेवटी, एकदा बरोबर येतो. मला सांग, नासाडी करायला आलेला माणूस स्वतःच्या चुका सुधारत बसेल का?"

चिमी पुढे झुकली. खरंच, एकच चौकडी पुन्हा पुन्हा गिरवलेली होती, पहिल्या इयत्तेतल्या पोराने अक्षर गिरवावं तशी.

"म्हणजे कोकिळ नाही, त्याला दोन्ही हातांनी येतं. सूनबाई नाही, तिला डोळे मिटून येतं. आता आवाजाची कळ. ती तळाला होती म्हणालीस ना? तुला आणि सूनबाईला पक्कं ठाऊक आहे, की टेपवाल्याचा आवाज बंद केला तरी त्याचं टिपणं चालूच राहतं. तोंड बंद केलं म्हणून कान बंद होत नाहीत. पण ज्याला यातलं काही कळत नाही, त्याला कुणी सांगितलं असेल, 'बसण्याआधी चिमीचं बंद कर,' तर तो काय करील?"

"आवाज बंद करील," चिमी हळूच म्हणाली.

"आणि निश्चिंत मनाने वाजवायला बसेल. हेडफोन लावून. तो हेडफोन तुझ्या डोक्यावरून गळ्यात का घसरला? कारण त्याआधी तो फार मोठ्या डोक्यावर चढला होता. आता या घरात ज्याच्या मापाची टोपी बाजारात मिळत नाही, ज्याला गाणं येत नाही असं आपणच लहानपणापासून सांगत आलो, आणि ज्याच्यासाठी सूनबाई मुकाट्याने आळ अंगावर घेईल, असा माणूस कोण?"

दारामागे कोकिळ कान लावून उभा होता, त्याच्या तोंडून "अरे बाप रे!" निघून गेलं.

"मी शब्द दिला होता त्यांना," वहिनी अखेर म्हणाली. "दोन महिने झाले. ती तिसरी वाट शिकवणीच्या प्रोग्रॅमकडे जाते, त्यात पडद्यावर सूर पडतो आणि तशी पट्टी दाबायची. रोज दुपारी मी स्वतः टेपवाल्याची वाट तोडून द्यायची आणि नंतर जोडायची. आज मी बाहेर होते. त्यांना म्हटलं, आज तेवढं तुम्ही करा."

आत्याने फोन उचलला. "झोपलेल्या माणसा," ती म्हणाली, "दुकान बंद कर आणि घरी ये."

दादा धापा टाकत आला. काय घडलं ते कळल्यावर आधी तो चिमीकडे बघेना, मग बायकोकडे बघेना. शेवटी भिंतीकडे बघत बोलला.

"तुम्ही दोघी जेवताना बोलता ना, तो कोमल सूर तिथं कसा शोभला नाही, आणि मग हसता. मी वीस वर्षं बाजूला बसून जेवतोय. मला वाटायचं, एकदा तरी कळावं कशाला हसता ते. विचारायची लाज वाटायची. माझं गाणं म्हणजे..." त्याने खिडकीकडे हात केला. "चिमे, धून गेली का गं पार?"

चिमीला त्याच्यावर रागवायचं होतं. पण इतकं भलं मोठं डोकं इतकं खाली गेलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"नाही गेली," ती म्हणाली. आणि बोलता बोलता तिला ते दिसलं. मघापासून ती भेसळ कानाने शोधत होती, डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. दादाचे सगळे सूर फिके होते. भीत भीत दाबलेले, जणू पट्टी चावेल. तिचा एकही सूर तसा नव्हता.

"चिमी पट्टी दाबत नाही, ठोकते," वहिनी म्हणाली. मघापासूनचं तिचं पहिलं वाक्य, ज्यात थोडी नेहमीची वहिनी होती.

चिमीने टेपवाल्याला हुकूम सोडला: एवढ्यापेक्षा हळू वाजलेलं सगळं निवड आणि बाजूला काढ. पडद्यावरून फिके सूर एकदम उठले आणि वेगळ्या रांगेत जाऊन बसले. खाली तिची धून होती तशी उभी राहिली.

चिमी वहिनीकडे वळली.

"वहिनी, चुकले मी."

"चुकलीसच. मला चोर म्हणालीस त्याचं एवढं नाही. विचारायच्या आधी ठरवून मोकळी झालीस, ते लागलं मला." वहिनीने डोळे पुसले. "दुपारी मी वाद्यवृंदाच्या कचेरीत गेले होते. म्हटलं, उत्तर द्यायला आणखी दोन दिवस द्या. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंतच. खरं सांगू? मला जायचं नाहीये. पण इथं मी कोण आहे, ते मला कळत नाही. तू धून बांधतेस, मी ती पाच वाद्यांत वाटते. क्लॅरिनेटनं केव्हा बोलायचं, केव्हा गप्प बसायचं, ते मी ठरवते. पण फलकावर नाव तुझं. मी म्हणजे 'लेखनसाहाय्य', तेही जागा उरली तर."

हे शब्दन् शब्द खरं होतं, आणि चिमीला ते आजवर एकदाही सुचलं नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात घंटा वाजली. दिग्दर्शक बाई दारात होत्या.

बाईंनी धून ऐकली. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून, दुसऱ्यांदा मिटून. बाहुलीने झाकण उचललं तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला.

"जिथं क्लॅरिनेट येतो आणि लगेच थांबतो ना," त्या म्हणाल्या, "तिथं माझ्या अंगावर काटा आला. हेच हवं होतं मला. वर्षभराचं सगळं तुम्हीच करा. फलक उद्या छापायला जातोय. संगीत कुणाचं लिहू?"

दरवेळी या प्रश्नाला चिमी पटकन आपलं नाव सांगायची, आणि वहिनी तेव्हा कपबशा उचलायला आत जायची. आताही ती उठली होती.

"वहिनी, बस," चिमी म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "दोघींचं आहे. आधी तिचं नाव लिहा, मग माझं. एकाच मापाच्या अक्षरांत."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने हा दोन ओळींचा प्रश्न होता. आत्याने उगाचच चष्मा काढून पुसला. दादाला, लाज विसरून, हसू फुटलं.

वहिनीने कपबशा होत्या तिथेच ठेवून आपला फोन घेतला आणि खिडकीशी गेली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, आणि तो तसा यावा अशीच तिची इच्छा असावी.

"नमस्कार. दुपारी येऊन गेले होते मी, त्या जागेसाठी. हो, तीच. तुम्ही विचारलंत त्याबद्दल आभार, पण मला जमणार नाही. नाही हो, पगाराचा प्रश्न नाही. माझी इथं भागीदारी आहे."